बोळा ओला की कोरडा? घाटेअळीच्या पतंगांचे अन्न, अंडी आणि आयुष्य : नागपुरातील एक प्रकरण

हे प्रकरण नागपुरातील एका महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र प्रयोगशाळेतले आहे. घाटेअळीची, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा या किडीची, प्रयोगशाळेत वाढवलेली वसाहत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अंडी देईनाशी झाली आणि तिच्यावर विसंबून असलेले एका विद्यार्थिनीचे पदव्युत्तर संशोधन अडून बसले. मी तिची मार्गदर्शक होते. जे चुकले त्यात माझा वाटा सर्वांत मोठा असल्यामुळे ते आडपडदा न ठेवता नोंदवणे मला सोपे जाते.

वसाहतीची सुरुवात जानेवारीच्या अखेरीस झाली होती. हिंगणा आणि काटोलकडच्या हरभऱ्याच्या शेतांतून मोठ्या अळ्या गोळा केल्या आणि त्या एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीला वेगळ्या खणात ठेवले. त्यांना हरभऱ्याचे पीठ, यीस्ट, मिश्रण घट्ट करणारी अगर पावडर, जीवनसत्त्वे आणि बुरशीरोधक घालून शिजवलेले नेहमीचे कृत्रिम खाद्य दिले. कोषांतून बाहेर पडलेले पतंग मलमलीच्या कापडाने झाकलेल्या पिंजऱ्यात सोडले आणि त्यांच्यासाठी १० टक्के मधाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा टांगला. विद्यार्थिनीला विषाणूजन्य कीटकनाशकाची चाचणी घ्यायची होती आणि त्यासाठी एकाच दिवशी अंड्यातून निघालेल्या, एकाच वयाच्या काही शे अळ्या लागणार होत्या. साधारण २६ अंश तापमानात या किडीची पिढी महिन्याभरात पूर्ण होते, हे धरून आम्ही चाचणीसाठी मे महिना ठरवला होता.

मार्चमध्ये बाहेर पडलेल्या पतंगांनी निराश केले नाही. सकाळी कापड उलटे केले की त्यावर खसखस सांडल्यासारखी अंडी दिसत. घाटेअळीची मादी अंडी पुंजक्याने न घालता सुटी घालते. प्रत्येक अंडे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, घुमटाकार, पिवळसर पांढरे आणि भिंगाखाली पाहिल्यास माथ्यापासून खाली उतरणाऱ्या उभ्या कंगोऱ्यांचे असते. एप्रिलच्या अखेरच्या पिढीत मात्र त्याच कापडावर बोटांनी मोजावीत इतकीच अंडी मिळू लागली आणि पतंग पाचव्या-सहाव्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेले आढळू लागले.

आमचे पहिले संशय सगळे अळीभोवती फिरले. पीठ जुने झाले असेल, खाद्य शिजवताना जीवनसत्त्वे उकळत्या मिश्रणात पडून नासली असतील, वसाहतीत विषाणूचा सौम्य प्रादुर्भाव शिरला असेल, किंवा मोजक्याच अळ्यांपासून सुरुवात केल्यामुळे रक्ताच्या नात्यातले प्रजनन बाधले असेल, अशी यादी झाली. हे संशय एकेक करून ढिले पडले. कोषांची वजने मार्चच्या वजनांपेक्षा नावापुरतीच कमी होती. अळ्या शिथिल होऊन लोंबत नव्हत्या, फुटत नव्हत्या. दुसऱ्याच पिढीत जवळच्या प्रजननाचा इतका जोरकस परिणाम दिसणे मला पटत नव्हते. उरला उन्हाळा. नागपूरचा पारा त्या दिवसांत ४४-४५ वर होता, पण संगोपन कक्षात वातानुकूलन यंत्र होते आणि नोंदवहीत तापमान २६ ते २७ अंशांच्या पुढे गेलेले नव्हते. आर्द्रतेची नोंद मात्र वहीत कुठेही नव्हती, कारण आर्द्रतामापक बिघडून कपाटात पडला होता आणि पावसाळ्यापर्यंत त्याची गरज पडणार नाही असे मीच म्हटले होते.

उलगडा योगायोगाने झाला. एका संध्याकाळी परिसरातील वीज गेली, यंत्र पुन्हा सुरू झाले की नाही हे पाहायला मी साडेसातच्या सुमारास कक्षात गेले आणि लाल कागद लावलेली विजेरी पिंजऱ्यावर धरली. पतंग जागे झाले होते. एक मादी बोळ्यावर बसून सोंड पूर्ण उलगडून ती पृष्ठभागावर ठिकठिकाणी टेकवत होती, मग ती सोंड घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळून घेत होती, दोन पावले सरकून पुन्हा उलगडत होती. असे तिने चार-पाच वेळा केले आणि उडून गेली. मी बोळा काढून हातात घेतला, तो बत्ताशासारखा कडक होता. बाहेरून तपकिरी, चकचकीत, दाबला तर करकरणारा आणि आतपर्यंत ओलाव्याचा मागमूस नसलेला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा परिचरांना विचारले. ते म्हणाले, “मॅडम, बोया तं मी रोज बदलतो, सकायी आल्याबरोबर पयले तेच काम करतो.” आणि ते खरे होते. नोंदवहीत रोज सकाळी साडेदहाची त्यांची सही होती. घाटेअळीचे पतंग मात्र दिवसभर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पंख मिटून बसतात आणि अंधार पडल्यावरच खायला, जोडीदार शोधायला आणि अंडी घालायला बाहेर पडतात. मार्चमध्ये सकाळचा बोळा रात्रीपर्यंत ओलसर राहत असे. एप्रिलच्या अखेरीस, बाहेरची दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरलेली असताना आणि उरलीसुरली वाफ वातानुकूलन यंत्र शोषून घेत असताना, तोच बोळा दुपारी तीनपर्यंत चिकट आणि पाचपर्यंत कोरडा होत होता. मधाच्या द्रावणातील पाणी जसजसे उडते तसतसे १० टक्क्यांचे द्रावण आधी पाक होते आणि मग खडा. पतंगाची सोंड ही शोषनळी आहे. तिला पातळ द्रव सहज ओढता येतो, दाट पाक ओढायला वेळ आणि जोर लागतो, आणि घट्ट वाळलेल्या कवचापुढे ती हतबल असते. थोडक्यात, वहीप्रमाणे पतंगांना रोज अन्न मिळत होते आणि प्रत्यक्षात ते उपाशी आणि तहानलेले होते.

परिचरांशी झालेल्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट कळली, जी मला या प्रकरणाचा गाभा वाटते. ते पूर्वी काही वर्षे टसर रेशमाच्या अंडीपुंज निर्मितीच्या कामावर होते. बोळ्याचे काम ते इमानदारीने करत होते, पण त्याला ते एक रीत समजत होते. “रेशमाच्या पतंगाले तं तोंडच नसते, तो काय खाते?” हा त्यांचा प्रश्न होता, आणि रेशमाच्या पतंगापुरता तो शंभर टक्के बरोबर होता. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर या भागांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या टसरच्या पतंगाची मुखांगे खुरटलेली असतात. तो कोषातून बाहेर पडल्यावर काहीही खात नाही. अळीने पानांतून जमवलेली चरबी आणि प्रथिने एवढ्या शिदोरीवर त्याला सगळे उरकायचे असते. मादी बाहेर येते तेव्हा तिच्या पोटात बहुतेक अंडी पिकलेली असतात, त्याच रात्री तिचे मीलन होते, पुढच्या दोन-तीन रात्रींत ती बहुतांश अंडी घालून मोकळी होते आणि आठवड्याभरात संपते. म्हणूनच अंडीपुंज केंद्रावर मीलनानंतर मादीचे पंख कातरून तिला वेगळे ठेवले तरी भागते, तिला कशाचीही गरज नसते.

घाटेअळीच्या मादीचा हिशेब निराळा आहे. ती कोषातून बाहेर पडते तेव्हा तिच्या अंडाशयांत पिकलेली अंडी जवळजवळ नसतात. पतंगांमध्ये प्रत्येक अंडाशयाला सहसा चार नळ्या असतात आणि तिच्या या आठ नळ्यांमध्ये अपक्व अंड्यांची माळच असते. ती पिकवायला दोन-तीन दिवस लागतात आणि त्या दिवसांत ती रात्री उडते, नर शोधण्यासाठी गंध सोडते, फुलांतला मध पिते. उडण्याला लागणारी ऊर्जा साखरेतून आली तर अळीच्या काळातील साठा अंड्यांसाठी शिल्लक राहतो, आणि साखर मिळाली नाही तर तोच साठा उडण्यात जळून जातो. पोट भरलेली मादी आयुष्यात हजाराच्या घरात अंडी घालू शकते. अंडी घालण्याचा तिचा भर साधारण चौथ्या रात्रीपासून येतो. आमचे पतंग पाचव्या-सहाव्या दिवशी मरत होते, म्हणजे दुकान उघडण्याच्या दिवशीच दिवाळे निघत होते.

मग अळीच्या खाद्याला महत्त्व नाही का, असा प्रश्न विद्यार्थिनीने विचारला आणि तो योग्य होता. या बाबतीत अमेरिकेतील डायन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास अँफिऑन फ्लोरिडेन्सिस या हॉक मॉथ गटातील पतंगावर केलेले काम फार उपयोगी पडते. कार्बनचे दोन स्थिर प्रकार निसर्गात आढळतात आणि उसाच्या साखरेतील त्यांचे प्रमाण वेलीच्या पानांतील प्रमाणाहून वेगळे असते. अळ्या वेलीच्या पानांवर वाढवल्या आणि पतंगांना साखरेचे पाणी पाजले, तर अंड्यातला कार्बन कुठून आला ते त्या प्रमाणावरून ओळखता येते. त्या पतंगाच्या अंड्यांतील सुमारे ६० टक्के कार्बन पतंगावस्थेत प्यायलेल्या साखरेतून आलेला निघाला. पुढच्या कामात त्यांनी अंड्यांतील अमिनो आम्ले वेगळी करून तपासली, तेव्हा शरीराला स्वतः बनवता येतात ती आम्ले बऱ्याच अंशी साखरेच्या कार्बनपासून घडलेली दिसली, तर शरीराला बनवता न येणारी आवश्यक अमिनो आम्ले केवळ अळीच्या खाण्यातून आलेली होती. याचा अर्थ असा की प्रथिनांचा तो साठा अळीने एकदाच भरलेला असतो. तो संपला की मध कितीही पाजला तरी अंडी थांबतात, आणि मध नसला तर तो साठा अंड्यांपर्यंत पोहोचतच नाही. हरभऱ्याचे पीठ आणि मधाचे पाणी यांच्यात त्यामुळे निवड करायची नसते.

आमच्या बाबतीत साठा होता का, हे पाहण्यासाठी नुकत्याच मेलेल्या काही माद्या मिठाच्या पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली उघडल्या. पोटाची पोकळी उघडताच एरवी पांढऱ्या, लोण्यासारख्या दिसणाऱ्या चरबीऐवजी विरळ, पारदर्शक चिंध्या दिसल्या. अंडनळ्यांच्या टोकाकडे कोवळी अंडी रांगेत होती, पण कवच धरलेली मोजकीच. मीलन-पिशवीत मात्र शुक्रपेटी सापडली, लांब मानेच्या दुधी फुग्यासारखी, आणि तीच आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली. नराने दिलेली ही पेटी मादीच्या शरीरात राहते आणि जितकी मीलने तितक्या पेट्या, असा ढोबळ हिशेब करता येतो. तपासलेल्यांपैकी बहुतेक माद्यांमध्ये ती होती. म्हणजे नर-मादी भेटत होते आणि अडचण त्याच्या पुढच्या टप्प्यात होती.

यानंतर खात्रीसाठी आम्ही एकाच दिवशी निघालेल्या पतंगांच्या जोड्या वेगवेगळ्या बरण्यांत ठेवल्या. काही बरण्यांत मधाचे पाणी, काहींत तेवढ्याच तीव्रतेचे साखरेचे पाणी, काहींत नुसते पाणी, आणि काहींत काहीच नाही. हवेचा कोरडेपणा सगळीकडे सारखा राहावा म्हणून प्रत्येक बरणीच्या झाकणाखाली, पतंगांना सोंड लावता येणार नाही अशा जाळीमागे, ओला स्पंज ठेवला. बोळे संध्याकाळी साडेसहाला बदलले, आणि त्यासाठी विद्यार्थिनी दोन आठवडे रोज उशिरापर्यंत थांबली. जोड्या थोड्या होत्या, त्यामुळे याला मी प्रयोग म्हणणार नाही, हे निदान होते. तरीही फरक इतका ढळढळीत होता की आकडेमोडीची गरज वाटली नाही. काहीच न मिळालेले पतंग सर्वांत आधी गेले. नुसते पाणी मिळालेले त्यांच्यापेक्षा थोडे अधिक जगले, पण त्यांच्या कापडावर अंडी तुरळकच राहिली. साखर आणि मध या दोन्हींच्या बरण्यांतील माद्या दोन आठवड्यांच्या आसपास टिकल्या आणि त्यांच्या कापडांवर पुन्हा खसखस दिसली. मध आणि साखर यांच्यात आम्हाला डोळ्यांनी फरक करता आला नाही. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजखेरीज अमिनो आम्ले असतात, पण इतकी थोडी की १० टक्क्यांच्या द्रावणात त्यांचा भार नगण्यच. मध महाग आहे, म्हणून तो अधिक पौष्टिक असणार, ही समजूत प्रयोगशाळांमध्येही चिवटपणे टिकून आहे.

या बरण्यांनी एक सापळाही दाखवला. दोन बरण्यांत कोषांची लिंगओळख चुकल्यामुळे दोन्ही माद्याच ठेवल्या गेल्या होत्या. त्या सर्वांहून जास्त दिवस जगल्या आणि त्यांनी अंडीही घातली, मात्र ती अंडी दोन दिवसांत आकसून खड्डे पडलेली दिसू लागली. फलित अंडे उबण्यापूर्वी तपकिरी होत जाते आणि त्यात अळीचे काळे डोके दिसते, तसे या अंड्यांत काही झाले नाही. मीलन न झालेली मादी जास्त जगते हे अनेक कीटकांत दिसते, कारण प्रजननाची किंमत तिला मोजावी लागत नाही. म्हणून “पतंग किती दिवस जगले” एवढीच नोंद ठेवणाऱ्याला सर्वांत वांझ पिंजरा सर्वांत निरोगी वाटू शकतो. आमच्या जुन्या नोंदवहीत नेमके तेवढेच लिहिले जात होते.

नराचा प्रश्न आम्ही शुक्रपेटीवर सोडला असला तरी अन्नाचा संबंध त्याच्याही अलीकडे सुरू होतो. घाटेअळीची मादी रात्रीच्या उत्तरार्धात जो गंध सोडते तो मुख्यतः आल्डिहाइड प्रकारच्या दोन रसायनांचा असतो आणि त्यांचे प्रमाण साधारण ९७ ला ३ असते. नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या कामगंध सापळ्यातील गोळीत हेच मिश्रण वापरतात. हा गंध मादीला रोज नव्याने बनवावा लागतो. तिच्या जवळच्या नात्यातील हेलिओथिस व्हायरेसेन्स या अमेरिकी पतंगावर झालेल्या कामात असे दिसले आहे की मीलन झालेल्या मादीने साखर प्यायली की तिच्या रक्तातील ट्रेहलोज ही शर्करा वाढते आणि त्याबरोबर गंधाची निर्मितीही वाढते. उपाशी मादीकडे दुसऱ्या-तिसऱ्या मीलनासाठी नर आकर्षित होण्याची शक्यता त्यामुळे आपोआप कमी होते. आमच्या लहान पिंजऱ्यात नर अंगावरच येऊन आपटत असल्याने हे जाणवले नसावे, शेतात ते जाणवेल.

शेताचा विषय निघाला आहे तर एवढे सांगितले पाहिजे की पिंजऱ्यातला बोळा ही शेतातल्या मधाची नक्कल आहे. कपाशीला फुलातल्या मधाशिवाय पानाच्या मागच्या शिरेवर आणि बोंडाच्या बुडाशीही मधाच्या ग्रंथी असतात. पान उलटवून मधल्या शिरेवरचा तो चिमुकला खळगा कोणालाही पाहता येतो. हवाई बेटांवरील गॉसिपियम टोमेंटोसम या रानकपाशीला या ग्रंथी नसतात. तिचा गुण घेऊन अमेरिकेत मधग्रंथीविरहित कपाशीचे वाण तयार झाले आणि त्यांच्यावर गुलाबी बोंडअळीसह काही किडींचे प्रमाण कमी आढळले. पतंगाला जेवायला न घालता अळी कमी करण्याचा हा मार्ग नंतरच्या कीटकनाशकांच्या आणि बीटी कपाशीच्या काळात मागे पडला, आणि विदर्भाचा गेल्या दहा वर्षांचा गुलाबी बोंडअळीचा अनुभव पाहता तो पुन्हा पाहण्यासारखा आहे, असे माझे मत आहे. संत्र्याच्या बागायतदारांना तर पतंगाचे जेवण हाच उपद्रव आहे. तिथे अळी बागेत नसतेच, ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते, आणि रात्री येऊन फळात सोंड खुपसून रस पिणारा पतंगच फळे गळवतो.

परत कक्षाकडे. कारण कळल्यावर उपाय एका ओळीचा वाटला, बोळा संध्याकाळी बदलावा. पण कार्यालयाची वेळ साडेपाचला संपते आणि विद्यार्थिनीला रोज थांबवणे योग्य नव्हते. म्हणून आधी काचेच्या छोट्या बाटलीत साखरेचे पाणी भरून झाकणातून कापसाची जाड वात बाहेर काढली. वात रात्रभर ओली राहिली, पण तिसऱ्या दिवशी बाटलीतून आंबूस वास यायला लागला आणि वातीवर काळपट बुरशी चढली. रोज बाटली धुवायची तर पुन्हा तेच काम दुप्पट. पसरट ताटलीत पाणी ठेवून पाहिले, त्यात पतंग बुडाले.

शेवटी दिवस-रात्रच उलटे केले. कक्षाला खिडकी नव्हती, त्यामुळे दिव्यांना वेळयंत्र लावून सकाळी अकराला अंधार आणि रात्री नऊला उजेड अशी मांडणी केली. पतंगांची रात्र आता परिचरांच्या कामाच्या वेळेत सुरू होते, साडेदहाला लावलेला ताजा बोळा अर्ध्या तासात अंधारात जातो आणि सर्वाधिक खाण्याच्या पहिल्या तासांत तो ओला असतो. दुपारी तीनला लाल विजेरीच्या उजेडात त्यावर थेंबाथेंबाने पाणी सोडले जाते. नव्या वेळापत्रकाला सरावायला पतंगांना दोन-तीन दिवस लागले, म्हणून पुढच्या खेपेपासून कोषच उलट्या उजेडात ठेवले. आर्द्रतामापक दुरुस्त करून आणला, जमिनीवर ओल्या वाळूचे ट्रे ठेवले, आणि नोंदवहीत पतंग मेल्याच्या तारखेशेजारी तीन नवे रकाने आखले: बोळा ओला की कोरडा, कापडावरील अंडी, आणि त्यांपैकी तपकिरी झालेली अंडी.

मृगाच्या आधीच्या आठवड्यात विद्यार्थिनीला एका दिवसाच्या वयाच्या पुरेशा अळ्या मिळाल्या आणि तिची चाचणी पाच आठवडे उशिरा सुरू झाली. अंडी उबण्याचे प्रमाण मात्र पाऊस पडेपर्यंत मार्चइतके झाले नाही, ते वाळूचे ट्रे वाढवल्यावर थोडे सुधारले. परिचर आता भर दुपारी कक्षाचे दार हळूच उघडून आत शिरतात, आणि बोळ्यावर रांगेने बसलेल्या पतंगांच्या सोंडा मोजून तो आकडा कोणी सांगितला नसतानाही वहीच्या समासात लिहितात.